तेरड्याच्या पावलांनी : कास पठार ते संगमेश्वर, चार दिवस

पहिला दिवस : सोमवार, ९ सप्टेंबर २०२४

शनिवारी गणपती बसले, रविवारी संध्याकाळी आमच्या दीड दिवसाच्या बाप्पांना निरोप दिला आणि सोमवारी पहाटे चारला पुण्यातून गाडी काढली. सासरी गौरी नाहीत, त्यामुळे पुढचे चार दिवस मोकळे होते. एक दिवस कास पठारावर काढायचा आणि तिथून संगमेश्वर तालुक्यात माझ्या आजोळी गौरीला पोचायचं, असं मी गेली कित्येक वर्षं म्हणत होते. आईची एक गोष्ट मनात घर करून राहिली होती. पुण्यात शेजारीपाजारी पितळी मुखवट्यांच्या, भरजरी साड्यांच्या गौरी उभ्या राहिल्या की ती म्हणायची, "छान आहेत गं, पण आमची गौर सड्यावरून येते. मातीतून येते." सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं उघडं पठार, एवढं ठाऊक होतं, पण तिच्या म्हणण्याचा अर्थ तेव्हा मला कळत नव्हता.

सातारा सोडून यवतेश्वरचा घाट चढलो तसं धुकं दाट झालं. कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यातल्या चार आपल्या महाराष्ट्रातल्या : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. इथे साडेआठशेहून जास्त फुलझाडांच्या जाती नोंदल्या आहेत. सकाळी सातची वेळ आधीच आरक्षित केली होती. सोमवार असल्यामुळे गर्दी नव्हती. अंगावर पावसाची बारीक झिरमिर, आणि वीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही.

मग वारा आला, धुक्याचा पडदा सरकला आणि समोर गुलाबी उतार उघडा पडला. तेरडा! आपल्या कुंडीतल्या तेरड्याचा हा रानातला भाऊबंद, उंचीने बुटका, पण हजारोंनी एकमेकाला खेटून उभा. त्यात अधूनमधून पिवळी सोनकी, कवल्याची फुलं (पोरं तिला मिकी माउस म्हणतात, आणि बघितलं की पटतं) आणि गेंदाचे पांढरे गोळे, कुणी साबुदाणा उधळावा तसे.

लेकीला मी भिंग दिलं होतं. तिने पठारावर उकिडवं बसून पहिला तास एकाच जागी घालवला, आणि ते फार बरं झालं, कारण कास उभ्याने बघायची जागाच नाही. तिने मला हाक मारून दाखवलं ते दवबिंदूचं रोप, जेमतेम बोटभर. त्याच्या अरुंद पानांवर तांबूस केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. पाऊस पडून गेल्यावर इतर पानांवरचे थेंब गळून जातात, हे मात्र जागचे हलत नाहीत, कारण ते पाणी नाहीच. एका पानावर चिलटापेक्षा थोडा मोठा किडा अडकला होता. त्याचा एक पाय सुटला की दुसरा चिकटे. बघता बघता नाही म्हणता येणार, पण आम्ही अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकलेले होते. लेक म्हणाली, "आई, झाड जेवतंय."

झाडाला मांस खायची वेळ का यावी? उत्तर पायाखाली होतं. कासला माती अशी नाहीच. जांभ्या दगडाचं पठार, त्यावर काही इंचांचा थर, आणि चार महिने कोसळणारा पाऊस. जे काही सत्त्व साठेल ते धुऊन जातं. नत्र मिळत नाही, म्हणून दवबिंदूने तो किड्यांतून मिळवायची युक्ती काढली. शेजारीच ओलसर खडकावर निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा गालिचा होता. त्या फुलांना आपल्याकडे सीतेची आसवं म्हणतात. किती नाजूक नाव! पण जमिनीखाली, मुळांच्या जागी, या आसवांना टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की ती त्याला पापणी लवायच्या कितीतरी आधी आत ओढून घेते. वनस्पतींच्या राज्यातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक.

तलावाच्या बाजूला एका डबक्यात वायतुरा दिसला. पाण्यातून वर आलेला दांडा, आणि टोकाला दोन फाटे फुटून अगदी इंग्रजी वाय अक्षर. शास्त्रज्ञांनी याच्या नावात साताऱ्याचं नाव घातलं आहे. कंदीलपुष्पही बघायला मिळालं. त्याची तऱ्हा आणखी न्यारी : फुलाची नळी आतून खाली वळलेल्या केसांनी भरलेली असते, बारीक माशी आत शिरते ती परत वर येऊ शकत नाही. पुढे केस सुकले की तिची सुटका होते, तोवर परागांचं ओझं तिच्या अंगावर चढलेलं असतं. या फुलाला माशी खायची नसते, फक्त मुक्कामाला ठेवायची असते.

निघताना मी सोबतच्या स्थानिक मार्गदर्शकाला विचारलं, आजोळच्या गौरीसाठी तेरड्याची एक काडी नेऊ का? तो शांतपणे म्हणाला, "ताई, इथलं काही उचलायचं नाही. आणि गौर ज्या गावची, तेरडाही त्याच गावचा लागतो." पहिलं मला माहीत होतं आणि तरी विचारलं, याचं वाईट वाटलं. दुसरं मी जपून ठेवलं. पठारावर बुटांचे ठसे उमटलेल्या जागा मी पाहिल्या होत्या. फोटोसाठी फुलांत जाऊन बसलेल्या माणसांनी तिथला तो पातळ थर निखळवून टाकला होता. तो थर साचायला किती पावसाळे गेले असतील!

दुसरा दिवस : मंगळवार, १० सप्टेंबर

पहाटे साताऱ्याहून निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर. कुंभार्ली घाटात दर वळणावर धबधबा, आणि घाट उतरताच हवा बदलते, काचेवर बाहेरून बाष्प धरतं. चिपळूणच्या पुढे महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग होती. दुपारी दीडच्या सुमाराला वाडीत पोचलो.

मामी पडवीत बसून तांदूळ निवडत होती. "आलीस काय गो बाय! जेव आधी, मग सड्यावर जायचंय." तिचे गुडघे आता वर चढू देत नाहीत, तरी यंदा ती येणार होती, कारण धाकट्या सुनेची पहिली गौर.

चार वाजता वाडीतल्या पंधरा-वीस बायका, पोरी निघाल्या. हातात ताट, हळद-कुंकू, तांदूळ, निरांजन. एक पोरगी थाळी वाजवत पुढे. वाटेत दोन्ही अंगांना भातखाचरं, हळवं, म्हणजे लवकर होणारं भात पसवलेलं, उशिराचं गरवं अजून पोटरीत. सड्याच्या उतारावर, जिथे पाणी झिरपत राहतं तिथे, तेरडा कमरेएवढा वाढला होता. कासच्यापेक्षा उंच, फुलं गुलाबी आणि फिकट जांभळी, दांडा रसरशीत, काचेसारखा, आतला रस दिसेल असा.

मामीने एका झुडपापुढे बसून त्याला हळद-कुंकू वाहिलं, ओवाळलं, हात जोडले. मग धाकटीला म्हणाली, "घे." धाकटी शहरातली. तिने हलक्या हाताने वरचा फुलांचा शेंडा खुडायला घेतला, तशी मामी ओरडलीच : "मुळासकट उपट गो! पाय तोडून माहेरवाशीण आणतात काय?"

मला तिथल्या तिथे आईचं वाक्य उमगलं. तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं. धाकटीने दोन्ही हातांनी बुंधा धरून ओढला आणि भाद्रपदातल्या भिजल्या मातीतून अख्खं रोप अलगद सुटून आलं. मी मुळं जवळून पाहिली. तेरड्याला जमिनीलगतच्या पेरांतूनही मुळं फुटतात, दांड्याभोवती गोल, तांबूस-पांढरी, बोटांसारखी पसरलेली. मातीचा लगदा झटकल्यावर खरोखर पाऊल टेकल्यासारखी दिसतात. कडक उन्हाळ्यात हे रोप उपटताच आलं नसतं, आणि तेव्हा ते असतही नाही. ते उगवतं पहिल्या पावसाने, फुलतं श्रावण-भाद्रपदात, आणि दसरा-दिवाळीपर्यंत वाळून जातं. त्याचं अवघं आयुष्य एका पावसाळ्याचं.

तेरड्याच्या जुडीत आणखी एक फूल लागतं. कुंपणाच्या कडेला कळलावी चढली होती. पाकळ्या मागे, वर उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, कडा लाटांसारख्या. तिला इकडे गौरीचे हातच म्हणतात. पानाचं टोक लांबून वळलेलं, त्याच टोकाने ती दुसऱ्या झाडाला धरून वर चढते. लेक हात लावायला गेली तर दोन-तीन बायकांनी एकदमच तिला मागे ओढलं. कळलावी सगळीच विषारी, कंद तर जीवघेणा. देवीच्या हातांसाठी वाडीने नेमकं हेच झाड निवडलं आहे. सौम्य आणि धारदार, दोन्ही. ते तोडायचं काम थोरल्या बाईचं, आणि घरी गेल्या गेल्या हात धुवायचे.

परतताना गौर धाकटीच्या हातात, पदराने झाकलेली. उंबऱ्यापाशी मामीने तिच्या पायांवर, म्हणजे धाकटीच्याही आणि तेरड्याच्या मुळांवरही, पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दारापासून माजघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवली होती. आतून प्रश्न, बाहेरून उत्तर : "गौर आली?" "आली." "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी." मग तिला घर दाखवलं : चूल, भाताची कणगी, विहिरीकडचं दार, आणि मामीच्या आग्रहाने गॅसची शेगडीही. शेवटी जुडी बांधून तिच्यावर मुखवटा चढवला, साडी नेसवली, आणि ती गणपतीशेजारी बसली. रात्री नैवेद्य साधा, पालेभाजी आणि भाकरी. प्रवासाने शिणलेल्या माहेरवाशिणीला पहिल्या दिवशी जड जेवण घालत नाहीत.

रात्री नऊच्या आसपास पाऊस थांबला. लेक खळ्यात उभी राहून हाका मारायला लागली. ढग फाटले होते आणि नैर्ऋत्येला अर्ध्याला आलेला चंद्र, त्याला अगदी खेटून एक तांबूस तारा. तो तारा ज्येष्ठा! गौरीचं आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळ नक्षत्रावर, हे पंचांगात वाचलेलं होतं. पण ही तिन्ही नक्षत्रं वृश्चिकेत एकामागोमाग एक आहेत आणि चंद्र रोज एकेक घर पुढे जातो, हे मी डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. ज्येष्ठा गौरी हे नाव त्या तांबूस ठिपक्यावरून आलेलं, आणि तो ठिपका आमच्या कौलांवर. पाच मिनिटांत पुन्हा ढग आले.

तिसरा दिवस : बुधवार, ११ सप्टेंबर

आज पूजन, आणि धाकटीचा ओवसा, म्हणजे भरलेल्या सुपांनी गौरीला ओवाळणं. नव्या सुनेचा पहिला ओवसा दरवर्षी होत नाही. गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. हे पूर्वा म्हणजे चंद्राचं नव्हे, सूर्याचं, पावसाचं नक्षत्र, शेतकरी ज्याच्यावर पेरण्या-लावण्या मोजतो ते. ऑगस्टच्या अखेरीपासून १३ सप्टेंबरच्या आसपासपर्यंत पूर्वा, मग उत्तरा. गेल्या वर्षी गौर उत्तरेत आली, म्हणून वाडीतल्या तीन नव्या सुना थांबून राहिल्या होत्या. यंदा सगळ्यांचे ओवसे एकदम.

सुपं नवी, बुरुडाकडून आणलेली, हळदीने रंगवलेली. त्यात पानं मांडून त्यांवर तांदूळ, काकडी, फळं, सुपारी, हळकुंड, खारीक, नारळ. वरून दुसरं सूप झाकून धाकटीने ते गौरीसमोर पाच वेळा ओवाळलं. मग एकेक सूप सासूला, नवऱ्याला, वडीलधाऱ्यांना, आणि त्यांनी त्यात घातलेली ओवाळणी. मी पाहत होते ते सुपाकडे. धान्य पाखडायचं सूप, शेतात पिकलेलं, परसात लागलेलं असं सगळं त्यात, आणि ते दाखवायचं कुणाला, तर रानातून उपटून आणलेल्या एका रोपाला.

पोथीत गौरीची कथा वेगळी आहे. असुरांनी स्त्रियांना गांजलं, त्या महालक्ष्मीला शरण गेल्या, तिने भाद्रपद शुद्ध अष्टमीला असुरांचा नाश केला, म्हणून हे व्रत. देशावर ती मुखवट्यांच्या जोडीने उभी राहते, विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणून येते, काही घरांत पाणवठ्यावरून मुक्याने आणलेल्या पाच-सात खड्यांची असते. पण या सगळ्याच्या मुळाशी मला तेरडाच दिसतो. पोथीतला असुर इथल्या एकाही बाईच्या तोंडी आला नाही. त्यांच्या तोंडी होतं ते पाणी, भात, माहेर आणि पाय. सण आधी रानात होता, कथा त्याच्याकडे मागून चालत आली, असं माझं ठाम मत झालं. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण उथळ माणसाला लावतो. गौर घरी राहते तीही तीनच दिवस, आणि इथे त्या तीन दिवसांची वर्षभर वाट पाहतात.

दुपारी नैवेद्य तिखटाचा. कोंबडी, वडे, सुकट. गणपती आणि गौरीच्या मध्ये पडदा धरला, कारण गणपतीला हे चालत नाही आणि गौरीला हेच लागतं. शेजारच्या वाडीत त्याच वेळी घावन-घाटल्याचा नैवेद्य होता. देवी एकच, ज्याच्या त्याच्या चुलीप्रमाणे जेवते. रात्री झिम्मा, फुगड्या, आणि अकरानंतर जाखडीचा नाच. पायांतल्या चाळांचा आवाज पहाटे तीनपर्यंत.

चौथा दिवस : गुरुवार, १२ सप्टेंबर

विसर्जन संध्याकाळी, म्हणून सकाळी उक्षीला जाऊन आलो. रत्नागिरीच्या सड्यांवर गेल्या काही वर्षांत जी कातळशिल्पं उजेडात आली, त्यांतलं एक इथे आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही शोधली. गावकरी त्यांना पूर्वीपासून ओळखत होते, पण त्यांची नोंद नव्हती. २०२२ मध्ये कोकणातल्या अशा नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या : रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ.

उक्षीचा हत्ती जांभ्यात कोरलेला, माणसाहून कितीतरी मोठा. गावाने त्याला कठडा करून जपलं आहे. पावसाळ्यात शिल्पं नीट दिसत नाहीत असं ऐकलं होतं. आम्हाला उलटंच भाग्य लाभलं. कोरलेल्या रेषांत पाणी साचून त्या आभाळाच्या रंगाने उजळल्या होत्या. कठड्याबाहेरच्या कातळावर वाकून पाहिलं तर, ओळखीची मंडळी! सीतेची आसवं, गेंद, आणि एका खळग्यात दवबिंदू. कास इथून हजार मीटर उंच, पण दगड तोच जांभा, माती तितकीच तुटपुंजी, पाऊस तसाच. लेक म्हणाली, "हे पण जेवायला आलेत."

या शिल्पांचं वय काही अभ्यासक दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. कोकणच्या सड्यांवर हत्ती आहेत, वाघ आहेत, आज इथे कुठेच नसलेला गेंडा आहे, मासे आहेत, माणसं आहेत. शेतीचं चित्र मात्र सापडलेलं नाही. ज्यांनी हे कोरलं त्यांच्याकडे सूप नव्हतं, कणगी नव्हती. पण भाद्रपदात सडा असाच फुलत असणार, आणि चार दिवसांत सुकणारी ही फुलं त्यांच्या बायकापोरांनीही पाहिली असणार. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

संध्याकाळी गौर आणि गणपती एकाच वेळी निघाले. दहीभाताचा नैवेद्य, सोबत शिदोरी, आणि मामी गौरीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली ते कुणाला सांगितलं नाही. मुखवटा आणि साडी उतरवून ठेवली. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, पोचली ती फक्त तेरड्याची जुडी, कोमेजलेली, पण मुळं शाबूत. धाकटीने ती कमरेएवढ्या पाण्यात सोडली. परत येताना बायकांनी पऱ्यातली मूठभर वाळू आणली आणि घरात, कणगीशी, गोठ्यात टाकली.

घरी आलो तर लेक गौरीच्या रिकाम्या पाटाजवळ पालथी पडून भिंगातून काहीतरी बघत होती. पाटाखालच्या चटईवर बारीक, तपकिरी, गोल दाणे विखुरले होते, काही तर दोन हातांवर उडालेले. जुडीतून गळलेलं एक हिरवं बोंड तिला सापडलं होतं. मी तिला सांगितलं, दाब. तिने दाबलं आणि किंचाळून टाकून दिलं. बोंडाच्या पाच फाका एका क्षणात आतल्या बाजूला वळल्या आणि दाणे तिच्या गालावर उडाले. तेरड्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच अधीर असा आहे. पिकलेलं बोंड वाट पाहत नाही. समईच्या उबेत, तीन दिवस, झिम्मा-फुगड्यांच्या गलक्यात ही बोंडं एकेक करून फुटत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मामी केरसुणी घेऊन आली. तिने दाणे सुपलीत गोळा केले, केराच्या टोपलीकडे न जाता मागच्या दाराकडे वळली आणि सुपली लेकीच्या हातात दिली.

"परड्यात टाक, अळवाच्या कडेला. पुढच्या वर्षी मला सड्यावर चढवणार नाही."

लेक चप्पल न घालताच बाहेर पळाली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता.